आभाळ किती आणे?

आमच्या घरात आभाळ आण्यांत मोजतात. सकाळी उठून बाहेर आलं की नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून विचारणार, "आभाळ किती आणे हे?" समोरच्याने मान वर करून सांगायचं. निरभ्र असेल तर शून्य, निम्मं झाकलं असेल तर आठ, पार भरलं असेल तर सोळा. नाण्यांतले आणे माझ्या जन्माआधीच गेले, पण निफाडजवळच्या आमच्या मळ्यात ते अजून चालतात. नाना पाहुण्यालाही सोडत नाहीत. लग्नानंतर माझा नवरा पहिल्यांदा मुक्कामाला आला, तेव्हा चहाच्या आधी त्याला हा प्रश्न आला. तो बिचारा म्हणाला, "साधारण ढगाळ आहे." नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बाजारातून न पारखताच माल उचलून आणलाय.

हा नुसता छंद नव्हता. आमची द्राक्षबाग. ढग रेंगाळले की पानं ओली राहतात, पानं ओली राहिली की डावणी, म्हणजे बुरशी, पडते, आणि डावणी एकदा घडावर बसली की वर्षाची मेहनत मातीत. म्हणून नानांनी विहिरीजवळ एका खांबावर पाऊस मोजायचं नळकांडं बसवलं होतं. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मापात ओतायचं आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, पाऊस किती मिलिमीटर, आभाळ किती आणे. नियम एकच. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. पाहिलं नसेल तर आडवी रेघ मारायची आणि गप्प बसायचं.

मी थोरली म्हणून हे काम आधी माझ्याकडे होतं. निफाडची थंडी ज्यांनी अंगावर काढली आहे, ते मला माफ करतील अशी आशा आहे. एका सकाळी मी गोधडीतून हात बाहेर काढला, वही ओढली आणि पावसाच्या रकान्यात शून्य लिहिलं. डिसेंबरात कुठला आलाय पाऊस! दुपारी नाना विहिरीवर गेले आणि नळकांड्यात सहा मिलिमीटर पाणी घेऊन परत आले. रात्री भुरभुर होऊन गेली होती. मी झोपेत होते आणि शून्य जागं होतं.

ते ओरडले नाहीत. लाल पेनाने त्यांनी माझं शून्य खोडलं. मला वाटलं, आता सहा लिहितील. त्यांनी रेघ मारली. साडेआठची वेळ टळली होती, त्यामुळे सहाही खोटेच. "शून्य खोटं बोलतं बाई," ते म्हणाले, "रेघ बोलत नाय." दुसऱ्या दिवसापासून नळकांडं माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तेव्हा तिसरीत होती. नळकांड्यापर्यंत हात पोचावा म्हणून नानांनी तिच्यासाठी चार विटा रचल्या. सुटले बुवा एकदाची, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण त्या विटा बघून मला रडू आलं होतं, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

ती मात्र त्या कामाला चिकटली ती चिकटलीच. बारावीला शहरात जाईपर्यंतच्या वह्यांत तिच्या हातची एकच रेघ आहे, आणि त्या दिवशी ती तापाने फणफणली होती. मी पुढे बी.एड. करून पंचवटीतल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. तिने भौतिकशास्त्र घेतलं, परीक्षा दिल्या आणि हवामान खात्यात निरीक्षक म्हणून लागली. पहिली नेमणूक लक्षद्वीपच्या एका बेटावर. माझ्या वर्गातल्या मुलांना नकाशात लक्षद्वीप दाखवलं, तर त्यांना छापताना शाई उडाली असं वाटतं. त्या शाईच्या एका थेंबावर माझी बहीण राहायला गेली.

काम ऐकून गावाला हसू आवरेना. रोज ठरल्या वेळी एक मोठा फुगा आकाशात सोडायचा, दर तीन तासांनी वारा, पाऊस, हवेचा दाब आणि ढग लिहून पाठवायचे. "पोरगी एवढी शिकली आन् फुगे सोडती व्हय," असं कोणीतरी नानांना म्हणालंच. नानांनी त्याला विचारलं, "तुला सांग बरं आत्ता आभाळ किती आणे हे?" त्याला सांगता येईना. नाना पुढे चालू लागले.

तिच्या खात्यात आभाळाचे आठ भाग धरतात. "नाना, आमच्यात आठ म्हणजे पूर्ण. तुमच्या निम्म्यावर आलो," तिने फोनवर सांगितलं. नानांना ते पटलं नाही. मग दोघांचा तह झाला: सरकारला आठांत सांगायचं, घरी सोळांत. रोज सकाळी नऊच्या सुमाराला तिचा फोन येई. तिकडचं बारा आणे, इकडचं चार आणे, जेवलीस का, जेवले, ठेवते. बाप-लेकीचं बोलणं एवढंच. आईला वाटे, ही दोघं भांडली की काय!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर संपत आला होता. छाटणी होऊन दीड महिना झालेला, घड फुलोऱ्यात. या दिवसांत द्राक्षवाला माणूस लग्नालाही मन लावून जात नाही. अशात अरबी समुद्रात वादळ उठलं. त्याला नाव होतं, पण ते मी इथे लिहिणार नाही. त्याला तेवढा मान द्यायची माझी इच्छा नाही.

आमच्या शिवारातल्या बागाईतदारांचा मोबाइलवर एक गट आहे. मीही त्यात आहे, कारण नानांना त्यावरचं बारीक अक्षर दिसत नाही आणि मी महत्त्वाचं तेवढं त्यांना कळवत असते. गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यावर हवामानाचा एक व्हिडिओ आला. सांगणारा म्हणत होता, वादळ लक्षद्वीपवर येतंय. तिथेच घुटमळलं, तर त्याचा जोर तिथेच संपेल आणि नाशिक जिल्ह्याला पाऊस नाही. तिथून उत्तरेला निघालं, तर रविवार-सोमवारी आपल्याकडे अवकाळी. लगेच खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तिकडंच घुमू दे. तिकडंच विरू दे.

आणि मी, शाईच्या त्या थेंबाची सख्खी बहीण, फुलोऱ्यातल्या बागेच्या विचाराने जीव हलका होऊन नानांना बोलून निरोप धाडला, "चांगली बातमी! वादळ तिकडंच विरणार म्हणतात."

मिनिटाभरात फोन वाजला. शाळेच्या वेळात नाना कधी फोन करत नाहीत.

"तिकडं कोण हे, इसरली का गं?"

मी खडू हातात धरून शिक्षकखोलीच्या दारात उभी राहिले. लहानपणापासून कानावर एकच आलेलं: ढग समुद्रात गेले म्हणजे सुटलो. समुद्र म्हणजे जिथे कोणी राहत नाही अशी जागा. द्राक्षवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसालाच ही चूक सुचू शकते, आणि ती माझ्या हातून झाली. नाना रागावले नव्हते. ते घाबरले होते, आणि त्यांचा घाबरलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

थोड्या वेळाने गटावर नानांच्या आवाजातला निरोप आला. त्यांना लिहिता येत नाही असं नाही, पण ती बारीक अक्षरं शोधत बसण्याइतका धीर नव्हता. "रामराम मंडळी. आमची धाकटी तिथंच नोकरीला हे. हात जोडायचेच असले, तर वादळ तिथून लवकर निघावं म्हणून जोडा. इकडं आलं तर आपण बघून घेऊ."

जोडलेल्या हातांची रांग तिथेच थांबली. एकाने तेवढ्यात बुरशीच्या औषधाचा भाव विचारला, तोही शेवटी माणूसच. मग आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा निरोप आला: "येऊ द्या इकडं. बागेवर प्लॅस्टिक टाकू." या गृहस्थाने बांधावरून नानांशी दहा वर्षं अबोला धरला होता. मागोमाग आणखी एकाचं, "येऊ द्या." मग आणखी एकाचं. सगळ्यांच्या बागा फुलोऱ्यातच होत्या. खरं सांगते, मी तेवढं वाचलं आणि सहावीच्या वर्गावर उशिरा पोचले.

संध्याकाळी मी बहिणीला फोन लावला. शेवटची बोट दुपारी सुटली होती. तिची रजा मंजूर होती, बोटीत जागाही मिळाली होती, आणि तिने ती रद्द केली होती. केंद्रावर माणसं तीन, त्यातलं एक आजारी. मी भडकले. "तुला काय हुतात्मा व्हायचंय? तुझ्या त्या आकड्यांवाचून कोणाचं अडलंय?"

"ताई," ती शांतपणे म्हणाली, "वादळ कुठे वळणार हे त्या आकड्यांवरूनच कळतं. मुंबईपर्यंतचे लोक त्यावर नजर लावून बसलेत. आणि मी आले, तर नळकांडं कोण बघणार?"

ती नळकांडंच म्हणाली. एवढी सरकारी यंत्रं हाताखाली असताना तिच्या तोंडी आमच्या विहिरीवरचाच शब्द होता. मी आणखी काहीतरी लागेल असं बोलले, आता ते आठवत नाही. एवढं नक्की आठवतं की फोन ठेवताना मला तिचा राग आला होता, आणि त्या रागाखाली तिचा अभिमान होता. ते कबूल करायला मी तयार नव्हते.

शुक्रवारी दुपारी रजा टाकून मी बसने मळ्यावर गेले. वादळ संध्याकाळी बेटावर पोचणार होतं. जगभरच्या केंद्रांचे आकडे दाखवणारी एक साइट तिने मला कधीतरी दाखवून ठेवली होती. बेटाच्या नावापुढे दर तीन तासांनी एक ओळ उमटते: तापमान, दाब, वारा, पाऊस, ढग. साडेपाचची ओळ आली. दाब घसरलेला, वारा मी तोवर कधी पाहिला नव्हता एवढा, ढग आठ. "सोळा आणे," नाना म्हणाले. त्यानंतर तिचा फोन बंद झाला, मनोरा पडला असावा. रात्री साडेआठच्या आणि त्यापुढच्या ओळींत सगळीकडे नुसत्या रेघा होत्या.

आईने मेणबत्ती लावून वंदना म्हटली, आणि ती संपताच नानांवर धावून गेली. "तुम्हीच लावला पोरीला आभाळाचा नाद! विटा कोणी रचून दिल्या व्हत्या?" नाना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले. मला वाटलं होतं, ते मला म्हणतील, की तू शून्य लिहिलं नसतंस तर नळकांडं तुझ्याकडेच राहिलं असतं. ते म्हणाले नाहीत. मीच मनात शंभरदा म्हटलं.

पहाटे साडेपाचची ओळ आली, तेव्हा मी ओरडलेच. "नाना, आकडे आले! तापमान आहे, दाब आहे, वारा थोडा कमी झालाय!"

नाना खुर्चीतून उठलेही नाहीत. "ढग किती?"

मी रकाना पाहिला. "रेघ आहे."

"मंग ते मशीन हे," ते म्हणाले. "वारा मशीन मोजतं, पाऊस मशीन मोजतं. मशीन आभाळाकडं बघत नाय. ते माणसालाच बघावं लागतं."

हे त्यांना तिनेच कधीतरी सांगितलं होतं. तिथे आपोआप आकडे पाठवणारं यंत्रही आहे, पण ढग किती ते अजून माणूसच मान वर करून ठरवतो. मी फोन मांडीवर ठेवला. इतका वेळ ज्या आकड्यांची वाट पाहिली, ते आले होते, आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

उजाडलं. आमच्याकडचं आभाळ पांढुरकं होतं. बरोबर साडेआठला नाना विहिरीवर गेले, रिकामं नळकांडं पाहून आले आणि वहीत लिहिलं: पाऊस शून्य, आभाळ दहा आणे. मी साइट उघडत होते, बंद करत होते, पुन्हा उघडत होते. पावणेनऊ. नऊ. नऊ वाजले तेव्हा तिघांनीही नानांच्या फोनकडे बघितलं. तो वाजला नाही. आई उगाचच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती.

सव्वानऊला ओळ उमटली. मी तापमान वाचलं नाही, वारा वाचला नाही, बोट सरळ ढगांच्या रकान्यावर नेलं.

"सात," मी म्हटलं. "नाना, सात."

नाना उठून उभे राहिले. "चौदा आणे," ते म्हणाले. "आठ नाय, सात. दोन आणे उघडलंय तिथं. पोरीनं मान वर करून बघितलं." मग ते हसायला लागले. "आन् उघडलं म्हंजे हाललं तिथून. आता येतंय आपल्याकडं! चल, शेजाऱ्याला हाक मार, प्लॅस्टिक काढायचंय."

फुलोऱ्यातल्या बागेकडे वादळ येतंय म्हणून आनंदाने पळत सुटलेला द्राक्षवाला मी दुसरा पाहिला नाही. शेजारी आले, त्यांची माणसं आली, जेवढ्या ओळींवर प्लॅस्टिक पुरलं तेवढ्या झाकल्या. रविवारी रात्री पाऊस आला आणि मंगळवारी सकाळपर्यंत थांबला नाही. उघड्या राहिलेल्या ओळींतले घड कुजले, मणी गळाले. नाना रोज साडेआठला छत्री घेऊन नळकांड्यापर्यंत जात होते. मंगळवारीच दुपारी तिचा फोन आला. ती म्हणाली, "इकडं दोन आणे." नाना म्हणाले, "इकडं सोळा. जेवलीस का?"

ती फेब्रुवारीत रजेवर आली, तेव्हा वाचलेल्या ओळींची काढणी चालू होती. चहा पिता पिता ती त्या दिवसांबद्दल बोलली, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. क्वार्टरवरचे पत्रे उडाले, मग तिघंही केंद्राच्या पक्क्या खोलीत बसून राहिले. पहाटे उपग्रहावरचा संपर्क परत आला. यंत्राचे आकडे होते, ढगांचा रकाना तिच्याकडे होता, आणि वाऱ्याने दार उघडत नव्हतं. बरोबरचे साहेब म्हणाले, आठ लिहून टाक, वादळात दुसरं काय असणार. "मी रेघ मारली," ती म्हणाली.

"ती रेघ तुझी होती?" मी किंचाळले. "त्या रेघेने आमचा जीव काढला!"

"पाहिलं नव्हतं ना, ताई."

मी नानांकडे बघितलं. ते चहा बशीत ओतत होते. मी वरिष्ठ शिक्षिका आहे, शाळेत माझा दरारा आहे, आणि तरी त्या क्षणी मला माझी धाकटी बहीण माझ्याहून खूप उंच वाटली. हे मी तिला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, "चार विटा होत्या खाली."

साडेआठला वारा दार उघडण्याइतका उतरला, तेव्हा ती आणि साहेब एकमेकांचे हात धरून बाहेर पडले. आभाळ भरलेलंच होतं. नारळांच्या मागे खाली, समुद्रावर टेकल्यासारखी एक निळी फट होती, बोटभर. फट बोटभर असली तरी आठ लिहायचे नाहीत, सात लिहायचे. एवढं सांगून तिने सवयीने खुंटीवरची वही काढली आणि नोव्हेंबरची पानं उलटायला लागली.

एका ओळीवर तिचं बोट थांबलं. शनिवार. पाऊस शून्य, आभाळ दहा आणे. त्याच्या शेजारी, समासात, नानांच्या अक्षरात बेटाचं नाव होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं: चौदा आणे.

मलाही ते नवीन होतं. मी म्हटलं, "नाना, हा आकडा तुम्ही पाहिलेला नाही. नियमाने इथे रेघ पाहिजे."

नानांनी बशी खाली ठेवली.

"हिनं पाह्यलाय ना," ते म्हणाले.